घोरतोय म्हणून झोपू देऊ नका

माझा दादा गेला त्या रात्री तो घोरत होता.

लालबागच्या आमच्या चाळीत मे महिन्यात पुरुषमाणसं गॅलरीतच झोपायची. ओळीनं चटया पडायच्या. साडेबारा-एकच्या सुमाराला दादाचं घोरणं सुरू झालं. ते रोजचं घोरणं नव्हतं. घशात पाणी अडकावं तशी घरघर, आणि मध्येच बराच वेळ काहीच नाही. शेजारच्या मावशी दारातून म्हणाल्या, "अगं, केवढा घोरतोय हा!" आई म्हणाली, "घोरू दे. किती दिवसांनी शांत झोप लागलीय त्याला." ती आत गेली, उशी घेऊन आली आणि उताण्या पडलेल्या दादाच्या डोक्याखाली तिनं ती अलगद सरकवली. मी उंबऱ्याशी पडून हे सगळं पाहत होते. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होते आणि हॉस्टेलवरून सुट्टीला घरी आले होते. मलाही वाटलं, झोपू दे बिचाऱ्याला.

पहाटे नळाला पाणी आलं. आई त्याला उठवायला गेली, तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते.

हे १९८८ साल. दादा चोवीस वर्षांचा होता. एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून घरी आल्याला त्याला अकरा दिवस झाले होते. शर्टाच्या खिशात सिगारेटच्या पाकिटातली चांदी, एक रिकामी पुडी आणि झोपेच्या गोळ्यांची अर्धी पट्टी सापडली. आप्पांनी ते सगळं मोरीत जाळलं. जमलेल्यांना सांगितलं, हार्ट अटॅक आला. तेराव्यालाही तेच सांगितलं. "पोरीचं लग्न व्हायचंय," एवढंच ते आईला म्हणाले. ती पोरगी म्हणजे मी. माझ्या लग्नासाठी दादाच्या मरणाचं कारण बदललं गेलं आणि पुढे सदतीस वर्षं मीही तेच कारण सांगत आले. आज पहिल्यांदा खरं लिहिते आहे.

लिहायला कारणही आहे. २९ ऑगस्ट हा पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा स्थापना दिवस. त्यानंतर दोनच दिवसांनी, ३१ ऑगस्टला, जगभर ओव्हरडोस जागृती दिन पाळतात. २००१ साली ऑस्ट्रेलियात तो सुरू झाला. अमली पदार्थाचा डोस जास्त होऊन दगावलेल्यांची आठवण उघडपणे काढायची, त्यांच्या घरच्यांनी मान खाली घालायची नाही, हा त्यामागचा विचार. आपल्याकडे अमली पदार्थविरोधी दिनाला प्रभातफेऱ्या निघतात, शपथा होतात. पण जो नशा करतो आहे आणि आज रात्री मरू शकतो, त्याला वाचवायचं कसं, हे चाळीत, वाडीत, वस्तीत कुणी शिकवत नाही.

दादा गर्दच्या नादाला लागला तो काळ गिरणगावातल्या माणसांना सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर होते, त्यात आमचे आप्पाही. दादा अठरा वर्षांचा होता. कॉलेज सुटलं, काम मिळेना, दिवस नाक्यावर जाऊ लागला. त्याच वर्षांत मुंबईत ब्राउन शुगर शिरली. अशुद्ध हेरॉइनच ते, पण पोरं त्याला गर्द म्हणायची. चांदीवर पुडी टाकायची, खालून काडी धरायची आणि वर निघणारा धूर नळीनं ओढायचा. पहिल्या काही पुड्या फुकट मिळायच्या. मग एक दिवस पुडी मिळाली नाही की टर्की लागायची. हाडं मोडल्यासारखी दुखायची, नाक-डोळे गळायचे, जुलाब लागायचे. दादा रात्रभर गॅलरीच्या कठड्याला धरून बसलेला मी पाहिला आहे. त्याला नशेची मजा हवी होती, असं लोक म्हणायचे. पण शेवटच्या तीन वर्षांत तो मजेसाठी ओढतच नव्हता. टर्की चुकवायला ओढत होता.

त्या काळात या पोरांना माणूस म्हणून पाहणारी माणसंही महाराष्ट्रातच उभी राहिली. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्यांवर लिहिलं. त्यांच्या पत्नी डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानानं मदतीचा हात दिला आणि १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं. तिथे उपचाराला येणाऱ्याला रुग्णमित्र म्हणतात. त्याआधी १९८१ साली वांद्र्याला फादर जो परेरा यांनी कृपा फाउंडेशनचं काम सुरू केलं होतं. म्हणजे वाट दाखवणारे होते. पण आमच्या चाळीपर्यंत त्यातला रुग्णमित्र हा शब्द पोचला नाही. आमच्यापर्यंत पोचला तो दुसराच शब्द. गर्दुल्ला.

या शब्दाबद्दल मला वर्तमानपत्रवाल्यांशीच बोलायचं आहे, कारण तो तुमच्या मथळ्यांत अजून आहे. 'गर्दुल्ल्यांचा उच्छाद', 'पुलाखाली गर्दुल्ल्यांचा अड्डा'. हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर माणूस येतो का? मळकट कपड्यांचं एक गाठोडं येतं. चोरी केली तर चोर म्हणा, मारामारी केली तर गुन्हा लिहा, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आजाराचं नाव शिवीसारखं वापरलं की आजारी माणूस लपतो आणि त्याचं घर त्याच्याआधी लपतं. आपल्याच भाषेत कुष्ठरोग्याला महारोगी म्हणायचे आणि गावाबाहेर ठेवायचे. बाबा आमट्यांचं आनंदवन उभं राहिलं, औषधं आली, आणि हळूहळू भाषाही बदलली. आज एखाद्या पेपरात 'महारोगी' छापलं तर वाचक पत्र लिहितील. मग 'गर्दुल्ला' छापलं तर का लिहीत नाहीत?

लपण्याचा हिशेब आकड्यांतही दिसतो. दिल्लीच्या एम्सनं केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. अफू, हेरॉइन आणि त्या जातीची वेदनाशामक औषधं यांच्या वापरामुळे ज्यांना मदतीची गरज आहे, अशा माणसांची संख्या तिनं ७७ लाखांच्या घरात सांगितली. त्यातली निम्म्याहून अधिक माणसं ज्या मोजक्या राज्यांत आहेत, त्यांत महाराष्ट्रही आहे. बेकायदा पदार्थांच्या आहारी गेलेल्या वीस जणांत जेमतेम एकाला कधी दाखल होऊन उपचार मिळाले होते. आता दुसरा आकडा बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात ओव्हरडोसनं झालेल्या मृत्यूंची नोंद आहे ६८१. अख्ख्या देशात, वर्षभरात. अमेरिकेत त्याच वर्षी एक लाखाहून जास्त माणसं गेली. तिथे फेंटॅनिल या जालीम पदार्थानं हाहाकार केला आहे, तेव्हा दोन्ही देशांची सरळ तुलना करता येत नाही, हे मान्य. तरीही मी तीसहून अधिक वर्षं रुग्णालयांत काढली आहेत आणि ६८१ हा आकडा मला पटत नाही. माझा दादा त्या काळच्या कुठल्याच आकड्यात नाही. गल्लीतल्या डॉक्टरांनी दाखल्यावर हृदयक्रिया बंद पडल्याचं लिहिलं. हृदय तर प्रत्येकाचंच बंद पडतं.

मग त्या रात्री नेमकं झालं काय? हे समजायला मला सहा वर्षं लागली. नोकरीला लागल्यावर कॅज्युअल्टीत एका रात्री दोन मुलांनी तिसऱ्याला टॅक्सीतून आणून टाकलं. ओठ निळे, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, मिनिटाला चार-पाचच श्वास, आणि घशात तीच घरघर. मी ती लगेच ओळखली. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, नालोक्सोन." एक मिलीलिटरची काचेची छोटी ॲम्प्यूल. मी तिची मान मोडली, औषध सिरिंजमध्ये ओढलं, त्यांनी शिरेतून दिलं. दोन मिनिटांत त्या पोरानं मोठा श्वास घेतला. पाचव्या मिनिटाला तो उठून बसला आणि आमच्यावरच चिडला. माझ्या हातात ती फुटकी ॲम्प्यूल तशीच होती.

गर्द, अफू, मॉर्फिन ही सगळी एका कुळातली. मेंदूत श्वास चालू ठेवणारं जे केंद्र आहे, त्याला ती गुंगी आणतात. डोस जास्त झाला की श्वास घ्यायचा असतो हेच शरीर विसरतं. जीभ आणि घसा सैल पडतात, हवा अडखळत जाते, आणि बाहेरच्याला वाटतं घोरतोय. नालोक्सोन त्या पदार्थाला त्याच्या जागेवरून हुसकावतं. त्याची नशा चढत नाही, सवय लागत नाही आणि अंगात गर्द नसेल तर अपायही होत नाही. फक्त त्याचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, म्हणून रुग्णालयात न्यावंच लागतं.

आणि अकरा दिवसांचं कोडंही तेव्हाच सुटलं. रोज ओढणाऱ्याच्या शरीराला मोठ्या डोसची सवय झालेली असते. महिनाभर बंद ठेवलं की ती सवय मोडते. मन मात्र जुनाच डोस लक्षात ठेवतं. पाय घसरला आणि माणसानं पूर्वीएवढंच घेतलं, तर तेच त्याला जास्त होतं. त्यात झोपेच्या गोळ्या किंवा दारू असेल तर श्वास आणखी लवकर बुडतो. म्हणून केंद्रातून घरी आल्यावरचे, तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. आम्हाला वाटत होतं की दादा सुटला. आईनं त्या अकरा दिवसांत रोज त्याच्या आवडीचं जेवण केलं. पण या धोक्याबद्दल आम्हाला कुणी एक शब्द सांगितला नव्हता.

म्हणून मी गेली काही वर्षं एक छोटं काम करते. संध्याकाळी व्यसनी माणसांच्या घरच्यांच्या बैठकीला जाते आणि जिथे बोलावतील तिथे वीस मिनिटं शिकवते. मागच्या गणेशोत्सवात आमच्या भागातल्या एका मंडळानं आरतीनंतर वेळ दिला. मंडळाचा एक कार्यकर्ता सतरंजीवर उताणा झोपला. मी त्याच्या डोक्याखाली जाड उशी ठेवली, हनुवटी छातीला टेकली, आणि त्याला श्वास घ्यायला सांगितलं. घर्रर्र आवाज झाला. पोरं हसली. मग मी उशी काढली, हनुवटी वर उचलली. आवाज बंद झाला. हसणंही थांबलं.

मग सांगितलं ते इतकंच. कुणी नशेत निपचित पडला असेल आणि विचित्र घोरत असेल, तर हलवा, नावानं हाक मारा, छातीच्या मधल्या हाडावर बोटांची पेरं जोरात घासा. तरीही उठला नाही, ओठ-नखं निळसर दिसली, तर १०८ ला फोन लावा. काय घेतलंय ते खरं सांगा. श्वास बंद किंवा अगदी मंद असेल, तर मान मागे करून, नाक चिमटीत धरून, दर पाच सेकंदाला एकदा तोंडानं श्वास द्या. श्वास चालू असेल तर उशी काढा आणि कुशीवर वळवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात जाणार नाही. लिंबूपाणी, ताक, मिठाचं पाणी काही तोंडात ओतू नका. गार पाण्याखाली बसवू नका. एकटं सोडू नका. बायकांनी एकमेकींना कुशीवर वळवून पाहिलं. एक काका उठून म्हणाले, "सिस्टर, काम चांगलं आहे, पण आपल्या वाडीत असली पोरं नाहीत." कुणीच काही बोललं नाही.

मी जिना उतरत होते तेव्हा मागून एक बाई आली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, आमचा धाकटा परवाच केंद्रातून आलाय." मी तिला नंबर दिला. चार महिन्यांनी रात्री पावणेदोनला फोन आला. "ताई, घोरतोय. तुम्ही सांगितलं तसंच." मी फोनवर होते आणि ती श्वास देत होती. मोजत होती, एक, दोन, तीन, चार, पाच. ॲम्ब्युलन्स यायला वेळ लागला, पण तोवर त्या माऊलीनं पोराला धरून ठेवलं. तो वाचला. त्यानंतरही तो एकदा घसरला, पुन्हा केंद्रात गेला. आता सहा महिने झाले, बंद आहे. पुढे काय होईल, ठाऊक नाही. पण काही व्हायला तो आहे.

लोक मला विचारतात की अशानं पोरांना मोकळं रान मिळणार नाही का? जीव वाचवायची सोय आहे म्हटल्यावर भीतीच उरणार नाही. मी भीती जवळून पाहिली आहे. मरणाच्या भीतीनं गर्द सुटत असती तर टर्कीच्या पहिल्या रात्रीच सुटली असती. भीती राहते ती सोबतच्या मित्रांना आणि घरच्यांना. पोलीस केस होईल, नाव जाईल, म्हणून ते फोन करत नाहीत, पडलेल्याला सोडून पळतात. माझ्या ओळखीत दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं निर्व्यसनी राहिलेली माणसं आहेत. त्यातला पहिल्याच खेपेला सुटलेला मला एकही आठवत नाही. कुणी तिसऱ्या वेळी सुटला, कुणी पाचव्या. दादाला दुसरी वेळ मिळालीच नाही.

जगात हे काम आधी सुरू केलं ते रस्त्यावरच्या माणसांनी. शिकागोतल्या एका संस्थेनं १९९६ साली नशा करणाऱ्यांच्याच हातात नालोक्सोन द्यायला सुरुवात केली, कारण बेशुद्ध पडलेल्याजवळ डॉक्टर नसतो, सोबती असतो. २०१४ साली जागतिक आरोग्य संघटनेनं तेच मान्य केलं. ज्यांच्यासमोर ओव्हरडोस होण्याची शक्यता आहे, त्यांना हे औषध आणि ते वापरण्याचं शिक्षण मिळावं, असं सांगितलं. २०२३ पासून अमेरिकेत त्याचा नाकात मारायचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो. तिथले मृत्यू २०२४ मध्ये ८० हजारांच्या आसपास आले. कारणं अनेक आहेत, पण त्यात या औषधाचा वाटा जाणकार मोजतात. आपल्या मणिपुरातही सुईनं नशा करणाऱ्यांमध्ये काम करणाऱ्या संस्थांनी हा मार्ग धरला आहे.

महाराष्ट्रात काय करता येईल? प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्रानं सुट्टी देताना घरच्यांना समोर बसवून त्या दोन आठवड्यांचा धोका सांगावा आणि कुशीवर वळवायला, श्वास द्यायला शिकवावं. याला पैसा लागत नाही. तुरुंगातून सुटणाऱ्यालाही हेच सांगावं. नालोक्सोन आपल्याकडे रुग्णालयात इंजेक्शनच्या रूपात असतं. ते वस्तीत काम करणाऱ्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांपर्यंत आणि पुढे घरच्यांपर्यंत पोचवण्याची वाट सरकारनं काढावी. एमडीसारख्या उत्तेजक पदार्थावर किंवा मालेगावकडच्या कुत्ता गोळीसारख्या गुंगीच्या गोळीवर ते चालत नाही, हे खरं. पण कुशीवर वळवणं, श्वास देणं, १०८ ला बोलावणं सगळ्यांनाच लागू आहे.

कायद्याचंही एक काम बाकी आहे. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कलम ६४-अ आहे. स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला जाणाऱ्या व्यसनी माणसाला, पदार्थ अल्प प्रमाणात असेल तर, ते खटल्यापासून संरक्षण देतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं व्यसनाशी निगडित अवस्था आजारात धरल्या. म्हणजे कायद्याला हा माणूस रुग्ण म्हणून दिसतो. पण मध्यरात्री त्याला उचलून आणणाऱ्या मित्राचं काय? रस्त्यावर अपघातात पडलेल्याला मदत करणाऱ्याला २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातल्या दुरुस्तीनं संरक्षण दिलं. तेच संरक्षण गॅलरीत, गच्चीत, संडासात पडलेल्याला मदत करणाऱ्याला मिळालं पाहिजे. त्या रात्री टॅक्सीतून आलेली दोन मुलं मित्राला बाकावर टाकून पळाली होती. पळाली नसती तर त्यानं काय घेतलंय, किती घेतलंय, हे आम्हाला विचारता आलं असतं.

आईला मी घोरण्याचा अर्थ कधीच सांगितला नाही. उशीबद्दल तर नाहीच. ती २०११ साली गेली. शेवटपर्यंत ती म्हणायची, माझं पोर निदान झोपेत गेलं, त्याला त्रास झाला नाही. तिच्यापाशी तेवढंच होतं. ते मी काढून घेतलं नाही आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण आज ज्या घरात केंद्रातून पोरगा परत आला आहे, त्या घरातल्या आईला हे माहीत असायलाच हवं.

३१ ऑगस्टला आमच्या बैठकीत दरवर्षी गेलेल्यांचे फोटो मांडतात. मी दरवर्षी जाते, दिवे लावायला मदत करते आणि परत येते. या वर्षी दादाचा फोटो घेऊन जाणार आहे. पांढऱ्या शर्टातला, संपाच्या आधीचा. खाली त्याचं नाव लिहीन, वय लिहीन आणि ज्यानं तो गेला ते खरं कारण लिहीन.